तळ्याची तब्येत सांगणारे जीव

पोरांनो, घाणेवाडीचा तलाव ठाऊक आहे ना? जालना शहराला पाणी मिळावं म्हणून निजामाच्या राजवटीत बांधलेला. त्याची तब्येत कशी ओळखाल? बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पाठवा, असं तुम्ही म्हणाल. ते पाठवायलाच हवं. पण बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतंच बोलतं. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती पांगली, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. तळाशी महिनोन्महिने राहणारी अळी मात्र त्या रात्री कुठे पळणार? ती तगते, नाहीतर मरते. म्हणून खरी हकीकत तिलाच विचारायची.

मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक आहे. पंख फुटल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्याआधीचं सारं आयुष्य पाण्यात. त्याचं पिल्लू भिंगाखाली पाहा. पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने पातळ कल्ले थरथरताना दिसतील, आणि मागे बहुधा तीन लांब शेपट्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते या कल्ल्यांनी घेतं. सांडपाणी आलं, की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू तो प्राणवायू फस्त करतात आणि ही पिल्लं लवकरच नाहीशी होतात.

तिथेच दुसरी एक अळी सुखात नांदते. डासासारख्याच दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमस माशीची ही अळी. दोऱ्याएवढी, लालभडक, चिखलात नळी करून राहते. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीच्या द्रव्याचा! किती नवल! त्याच्या बळावर ती तुटपुंज्या प्राणवायूतही निभावते. चांगल्या तळ्यातही ती असतेच, तेव्हा एखादी दिसली म्हणून घाबरू नका. पण जिकडेतिकडे तीच आणि दुसरं कुणीच नाही, असं झालं तर तळं आजारी आहे.

झाडंही बोलतात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते आणि खालचा उजेड अडवते. मग बुडून वाढणारी हायड्रिला मरते.

ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची अशी यादी मांडली. पुढे नॉर्वे-स्वीडनमधल्या डोंगरी तळ्यांनी जगाला मोठा धडा दिला. आम्लवर्षेने तिथलं पाणी काचेसारखं नितळ, पण मासे, गोगलगायी आणि मेफ्लाय गायब! नितळ दिसतं ते निरोगीच, असं मुळीच नाही.

आपल्या जालन्यात मात्र एक पथ्य पाळायचं. २०१२ सारख्या दुष्काळात तळी आटतात. तेव्हा काही गोगलगायी कवचाचं झाकण लावून चिखलात निजून राहतात, आणि पाणी परतल्यावरही सगळी वस्ती लगेच भरत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा गढूळपणाही असतोच. तेव्हा पाहणी दिवाळीनंतर करा, मोठं माणूस सोबत घेऊन. काठाजवळचा मूठभर गाळ चाळणीत धुवा, पांढऱ्या थाळीत पाणी घालून त्यात ओता आणि हलणारं काय काय आहे ते वहीत लिहा. नाला मिळतो तिथे एकदा, आणि त्यापासून लांबच्या काठावर एकदा. जीव मात्र पाहून झाले की जिथल्या तिथे सोडायचे.