देऊळगांव राजाहून एका दिवसाच्या सहली

रोम पाहावयास गेलेला प्रवासी शहाणा असेल तर आपलें बिऱ्हाड तो रोममध्येंच ठेवतो. एके दिवशीं सकाळीं निघून तो टिव्होलीला हेड्रियन बादशहाचा उद्यानप्रासाद पाहून येतो. दुसऱ्या दिवशीं टायबर नदीच्या मुखाशीं वसलेलें ऑस्टिया हें जुनें बंदर पाहतो. आणि रात्रीं पुन्हा मुक्कामास परततो. या रीतींत सोय तर आहेच, पण त्याहून कांहीं अधिक आहे. राजधानी तिच्या तटाच्या आंत पुरतेपणीं कधींच दिसत नाहीं. तिनें धान्य कोठून आणलें, पाणी कोठें अडविलें, शत्रु कोणत्या वाटेनें आला, हें सारें शहराबाहेर एका दिवसाच्या मजलेवर पसरलेलें असतें.

श्रोतेहो, रोमचें नांव काढलें तरी मी तुम्हांस इतक्या दूर नेणार नाहीं. मला न्यावयाचें आहे तें बुलढाणा जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील देऊळगांव राजा या गांवीं. हें गांव कोणा सम्राटाची राजधानी नव्हे, हें मी आधींच कबूल करतों. सिंदखेडकर जाधवांच्या घराण्याचें तें एक ठाणें. पण या टापूंतील गांवांचीं नांवें नुसतीं ऐका: सिंदखेड राजा, देऊळगांव राजा, मेहुणा राजा, किनगांव राजा, आडगांव राजा. जहागीर गेली, राजे गेले, तरी ही उपाधि गांवांनीं सोडली नाहीं. जुन्या सत्तेचा नकाशाच जणूं नांवांनीं आंखून ठेवला आहे.

बहुतेक मंडळी हा मुलूख एकाच दिवसांत उरकतात. छत्रपति संभाजीनगर किंवा जालन्याहून मोटार करावयाची, सिंदखेडास अर्धा तास थांबावयाचें, लोणारच्या कांठावरून खालीं डोकवावयाचें आणि रात्रीं घरीं परतावयाचें. मीहि तरुणपणीं असाच एकदां गेलों होतों. एप्रिलचा महिना होता. लोणारच्या कांठावर पोंचलों तेव्हां दुपारचे दोन वाजले होते आणि खालीं उतरण्याचें त्राण आमच्यापैकीं एकाच्याहि अंगीं उरलें नव्हतें. आम्हीं वरूनच तळें पाहिलें, उसाचा रस प्यालों आणि परत फिरलों. त्या दिवसाची आठवण म्हणून माझ्यापाशीं आज फक्त तो रस आहे! म्हणून सांगतों, देऊळगांवीं तीन-चार रात्री मुक्काम करावा आणि रोज एकाच दिशेस जावें.

गांव आमना नदीच्या कांठीं आहे. जालन्याहून तें सुमारें तीस किलोमीटर पडतें. येथलें मुख्य दैवत बालाजी. देऊळ राजे जगदेवराव जाधवांनीं १६६५ सालीं बांधविलें असें सांगतात. ज्यांना तिरुपतीस जाणें झालें नाहीं असे वऱ्हाड-मराठवाड्यांतील भाविक येथें नवस फेडावयास येतात. देवदर्शन संध्याकाळसाठीं राखून ठेवावें. दिवस बाहेर घालवावयाचा आहे.

पहिला दिवस सिंदखेड राजाचा. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, तेव्हां घाई करण्याचें कारण नाहीं. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यालगतच लखुजी जाधवरावांच्या भुईकोट राजवाड्याचा दरवाजा उभा आहे. आंत जिजाबाईंचें जन्मस्थान दाखवितात. त्यांचा जन्म १५९८ सालचा मानतात आणि दरवर्षीं १२ जानेवारीस येथें लाखों माणसें जमतात. ज्याला गर्दींतलें चैतन्य पाहावयाचें असेल त्यानें त्या दिवशीं जावें; ज्याला वास्तु पाहावयाची असेल त्यानें तो दिवस टाळावा.

रंगमहाल म्हणून जी इमारत दाखवितात, तिच्याशीं एक गोष्ट जोडलेली आहे. रंगपंचमीचा दिवस, बालवयाचीं शहाजी आणि जिजा एकमेकांवर रंग उडवीत होतीं. लखुजी सहज थट्टेनें म्हणाले कीं जोडा शोभतो आहे. मालोजी भोसले तत्काळ उभे राहिले आणि भरल्या सभेस साक्षी ठेवून त्यांनीं सोयरीक जमल्याचें जाहीर केलें. ही हकीकत बखरींतली आहे आणि बखरी घटनेनंतर पुष्कळ काळानें लिहिल्या गेल्या. इतिहास म्हणून तिच्यावर फारसा भार टाकूं नये. पण गांवानें ती आपली मानली आहे, आणि त्या महालांत उभें राहून ती ऐकतांना शंका काढण्याचें धाडस मला तरी झालें नाहीं.

त्यानंतरची घटना मात्र बखरीची नव्हे. लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहींतले बलाढ्य सरदार. मध्यंतरीं मोगलांकडे जाऊन ते पुन्हा परत आले होते. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत, दरबारास म्हणून बोलावून, मुर्तजा निजामशहानें त्यांचा, त्यांच्या अचलोजी व राघोजी या दोन पुत्रांचा आणि यशवंतराव या नातवाचा वध करविला. एका दिवसांत तीन पिढ्या! पुढें सात महिन्यांच्या आंत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. माहेरच्या घातपाताची वार्ता जिजाबाईंनीं गरोदरपणींच ऐकली असली पाहिजे. परक्याच्या चाकरींत कितीहि मोठें झालें तरी शेवटीं मान कोणाच्या हातीं असते, हें त्यांना कोणीं शिकविण्याची गरज राहिली नव्हती.

लखुजींची समाधि गांवांतच आहे. अशा स्मारकांत ती देशांतील सर्वांत मोठी, असें येथें अभिमानानें सांगतात. तिच्या दगडी भव्यतेपुढें माणूस क्षणभर गप्प होतो. याच समाधीच्या परिसरांत जून २०२४ मध्यें भारतीय पुरातत्त्व विभागाचें खोदकाम चालू असतां प्रथम एका शिवमंदिराचा पाया उघडा पडला आणि त्याहून खालीं शेषशायी विष्णूची मूर्ति निघाली. मूर्ति सुमारें पावणेदोन मीटर लांब आणि मीटरभर उंच. विष्णु शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चुरीत आहे, आणि पीठावर समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला. म्हणजे जाधव येण्यापूर्वींहि येथें शतकानुशतकें वस्ती व देवळें होतीं, हें एका कुदळीनें सिद्ध झालें. मूर्ति सिंदखेडांतच राहावी अशी गांवकऱ्यांनीं मागणी केली. माझें मत विचाराल तर मी गांवकऱ्यांच्या बाजूचा आहें. दगड नाजूक आहे, त्याला जाणकार हात आणि नीट निवारा पाहिजे, हें खरें. पण तो निवारा सिंदखेडांत बांधतां येतो. दूरच्या संग्रहालयांत ती एक सुंदर मूर्ति असेल; येथें ती या मातीचा पुरावा आहे.

समाधि पाहून पुष्कळजण परत फिरतात. त्यांनीं आणखी तासभर खर्चावा आणि गांवाचें पाणी पाहावें. मोती तलावाचा बांध किल्ल्याच्या तटासारखा बांधलेला आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागीं पाण्यांतच एक इमारत आहे. सजना बारव आहे. शिवाय पुतळा बारव आहे, जिच्या दगडांवर शिल्पांची नुसती गर्दी उसळली आहे. हा प्रदेश अवर्षणाचा. येथें तट बांधण्याइतकीच बारव बांधणें ही राजधर्माची बाब होती; आणि तट ओस पडला तरी बारव लोकांच्या उपयोगीं पडते. लखुजींचें नांव लढायांत जितकें आहे तितकेंच या पाण्यांतहि आहे, पण तें वाचावयास कोणी थांबत नाहीं.

दुसरा दिवस अर्धाच लागेल. देऊळगांव राजा तालुक्यांतच मेहुणा राजा हें खेडें आहे. संत चोखामेळा यांचें हें जन्मगांव मानतात. चोखोबा जातीनें महार. पंढरीच्या विठोबाचे ते जिवलग भक्त, तरी देवळांत त्यांना कधीं पाऊल टाकतां आलें नाहीं. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, आणि नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वाराबाहेर समाधि दिली. ती आजहि दाराबाहेरच आहे. आंत जाणाऱ्या प्रत्येकास तिच्या समोरून जावें लागतें. या तालुक्यांतील खडकपूर्णा नदीवरील जलाशयास आतां संत चोखासागर असें नांव आहे. सकाळीं मेहुण्यास जाऊन संध्याकाळीं बालाजीच्या सभामंडपांत बसावें, असें मी मुद्दाम सुचवितों. राजानें बांधलेलें देऊळ आणि देवळाबाहेर राहिलेला संत या दोहोंत थोड्याच कोसांचें अंतर आहे.

लोणारसाठीं एक आख्खा दिवस मोकळा ठेवावा. अंतर साठ-सत्तर किलोमीटर; पहांटे निघावें म्हणजे ऊन चढण्यापूर्वीं तळाशीं उतरतां येतें. दख्खनच्या काळ्या खडकांत पडलेलें हें विवर सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशें मीटरांच्या आंतबाहेर खोल आहे. तळाशीं तळें, सभोंवार गर्द झाडी आणि झाडींत जागोजाग मोडकळीस आलेलीं प्राचीन मंदिरें. वर कांठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते, खालीं तळ्याचें पाणी मात्र साबणाच्या पाण्यासारखें खारट-तुरट. पुराण सांगतें कीं लोणासुर या पाताळवासी दैत्याला विष्णूनें येथें मारलें. त्याचें बीळ म्हणजे हें विवर आणि तळ्यांतला क्षार म्हणजे त्याचें विरघळलेलें शरीर. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ याच कथेचें स्मारक आहे. त्याचें छत मान दुखेपर्यंत पाहावें असें आहे. या क्षाराचा व्यापार जुना आहे. आईन-इ-अकबरींत लोणारची नोंद आहे ती कांच व साबणाच्या जिनसांसाठीं. स्थानिक लोकांपाशीं त्या क्षाराच्या प्रकारांसाठीं दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें होतीं.

शास्त्रज्ञांनीं प्रथम हें ज्वालामुखीचें मुख मानलें. दख्खनचा सारा खडकच लाव्हारसाचा, तेव्हां तर्क वावगा नव्हता. पण हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा आणि विवर त्या मानानें अगदीं ताजें. तळाला छिद्रें पाडून काढलेल्या खडकांत एक प्रकारची कांच सांपडली, जी उष्णतेनें वितळून होत नाहीं. प्रचंड आघाताच्या दाबानें स्फटिक मोडून होते. १९७३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें आणि लोणार उल्कापातानें झालें हें ठरलें. लाव्हाच्या खडकांत उल्केनें पाडलेलें आणि इतकें चांगलें टिकलेलें विवर पृथ्वीवर विरळा. चंद्राच्या पृष्ठावरील काळे खडकहि याच जातीचे असल्यामुळें चंद्राचे अभ्यासक लोणारचे दगड हातांत घेऊन पाहतात. विवराच्या वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारें ५२ हजार वर्षें येतें, तर दुसऱ्या पद्धतीनें ५ लाख ७० हजार! जून २०२० मध्यें तळें एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखवून दिलें कीं हा अतिखाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा रंग आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तळ्याला रामसर यादींतील पाणथळाचा दर्जा मिळाला. एवढें मोलाचें पाणी पाहावयास जाणाऱ्यानें खाद्यपदार्थांचे कागद तरी वर परत आणावेत.

चौथा दिवस हातीं असेल तर मेहकरास जावें. तेथील शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ति १८८८ सालीं जमिनींत सांपडली. त्याच फेरींत वाट थोडी वांकडी करून साखरखेर्डा गांठावें. पाहावयास तेथें फारसें कांहीं नाहीं, पण उभें राहण्याजोगी जागा आहे. ऑक्टोबर १७२४ मध्यें याच रानांत निजाम-उल्-मुल्कानें दिल्लीहून नेमलेल्या मुबारिजखानास ठार केलें आणि हैदराबादचें राज्य स्वतंत्रपणें सुरू झालें. हा निजाम आणि लखुजींचा घात करणारी निजामशाही, यांचा नांवापलीकडे संबंध नाहीं, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजेनें सिंदखेडास वेढा घातला. कोंवळ्या वयाचे विश्वासराव आणि त्यांच्याबरोबर दत्ताजी शिंदे बाहेर होते; आंत निजामाच्या पक्षाचे रामचंद्र जाधव होते. जिजाबाईंच्या नातवंडांनीं वाढविलेलें राज्य जिजाबाईंच्या माहेरावर चालून आलें होतें! निजामाची फौज सोडवणुकीस आली, हरली, आणि साखरखेर्ड्याच्या तहानें पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला तिला द्यावा लागला.

आतां व्यवहाराचें थोडेंसें. पाऊस संपतांना आणि थंडींत हा प्रदेश हिरवा व सुखाचा असतो. उन्हाळा मीं वर सांगितलाच आहे. समृद्धि महामार्ग झाल्यापासून मोठ्या शहरांहून येणें फार सोपें झालें आहे. तरी देऊळगांवांतून हिंडण्यास जुने रस्ते आणि एस. टी. पुरेशी आहे; फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीं उतरतांनाच विचारून ठेवावी. आश्विनांत बालाजीची यात्रा भरते आणि उंच लांकडी लाठांचा मंडप भाविक हातोहात उभा करतात. तो सोहळा अवश्य पाहावा, पण त्या दिवसांत उतरावयास जागा मिळत नाहीं. आधीं कोणा ओळखीच्या घरीं पत्र टाकूनच निघावें.