कोलंबसची ती पहाट

९ मार्च १९१६ च्या पहाटे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील कोलंबस हे सरहद्दीवरचे चिमुकले गाव गोळीबाराच्या आवाजाने जागे झाले. पांचो व्हिया या मेक्सिकन बंडखोर सेनानीचे सुमारे ५०० लोक सरहद्द ओलांडून आत घुसले होते. दुकाने लुटली गेली, हॉटेल जळाले. नागरिक व सैनिक मिळून सुमारे १८ अमेरिकन प्राणास मुकले. तेथील घोडदळाने मशीनगनचा मारा सुरू केल्यावर हल्लेखोरांची याहून किती तरी अधिक माणसे पडली. लष्करीदृष्ट्या हा व्यवहार व्हियाला आतबट्ट्याचाच ठरला.

मग त्याने तो केला कशासाठी? शस्त्रांसाठी, सूडासाठी की अमेरिकेला चिथावण्यासाठी, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु सूडाला कारण होते. एके काळी वॉशिंग्टनची मर्जी व्हियावर होती. ऑक्टोबर १९१५ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याचा प्रतिस्पर्धी कारान्सा याच्या सरकारला मान्यता दिली. एवढेच नव्हे, तर कारान्साच्या फौजेला अमेरिकन भूमीवरील रेल्वेने जाऊ दिले. आग्वा प्रिएता येथे व्हियाचा दारुण पराभव झाला, तो या फौजेमुळेच.

कोलंबसनंतर आठवडाही उलटला नाही तोच, १५ मार्च रोजी जनरल पर्शिंग यांचे सैन्य मेक्सिकोत शिरले. पुढे त्याची संख्या सुमारे १०,००० झाली. मोटारट्रक आले, विमाने आली. शेकडो मैलांची पायपीट झाली. व्हिया मात्र हाती लागला नाही. उलट, २१ जूनला कारिसाल येथे अमेरिकन तुकडीची चकमक उडाली ती कारान्साच्याच सैनिकांशी! ज्या सरकारला आपण मान्यता दिली, त्याच्याशीच युद्ध जुंपण्याची वेळ अमेरिकेवर आली. फेब्रुवारी १९१७ मध्ये सैन्य रिकाम्या हाताने परतले. त्याआधीच, जानेवारीत, जर्मनीने टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवून देण्याचे आमिष मेक्सिकोला दाखविण्याचे ठरविले होते. दुखावलेल्या शेजाऱ्याकडे तिसऱ्याचे लक्ष जाते, ते असे.

कोलंबसमध्ये झोपेतून उठून मरणाला सामोरे गेलेल्या माणसांचा वॉशिंग्टनच्या धोरणाशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्या हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि, शेजाऱ्याच्या यादवीत आज एकाला, उद्या दुसऱ्याला हाताशी धरणाऱ्या बलाढ्य राष्ट्राच्या चुकीची किंमत बहुधा सरहद्दीवरची साधी माणसेच मोजतात. आणि त्यानंतर निघालेली मोहीम गुन्हेगाराला शासन करण्याऐवजी त्याला वीरपद बहाल करते. व्हियाच्या बाबतीत नेमके हेच घडले.