विकत घेतलेलं ई-पुस्तक कुणाचं?

कागदी पुस्तक विकत घेतलं की ते आपलं झालं. त्यावर नाव घालावं, शेजाऱ्यांना वाचायला द्यावं, नाहीतर नातवंडांसाठी कपाटात ठेवावं. दुकानदार विचारायला येत नाही. ई-पुस्तकाचं तसं नाही. तिथे ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असलं, तरी बहुतेक दुकानांत आपल्याला मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. तो आपल्या खात्यापुरता असतो आणि सहसा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

याचा अर्थ जुलै २००९ मध्ये अमेरिकेत दिसला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कादंबऱ्या विकत घेतलेल्यांच्या किंडलवरून अचानक नाहीशा झाल्या. ज्याने त्या विक्रीला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने त्या परत काढून घेतल्या. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. तिथेही पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली.

हे घडतं कसं? ई-पुस्तक म्हणजे एक फाइल. चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तिला डिजिटल कुलूप लावतात. त्याला डीआरएम म्हणतात. लेखक-प्रकाशकांची काळजी रास्तच आहे. पण किल्ली दुकानाच्या हाती राहते. दुकान किंवा आपलं खातं बंद झालं, की फाइल जवळ असूनही उपयोग नाही. आणि हक्क डावलण्यासाठी असं कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतातही गुन्हा आहे.

मग करायचं काय? मी काही साधे नियम पाळतो. घेण्याआधी पाहतो, की फाइल उतरवून घेता येते की पुस्तक फक्त दुकानाच्या अ‍ॅपमध्येच उघडतं. काही प्रकाशक बिनकुलपाची पुस्तकं विकतात. शक्य तिथे तीच घेतो, आणि ती ‘ईपब’ स्वरूपात. हे खुलं स्वरूप आहे, एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्यामुळे आजचं अ‍ॅप गेलं तरी दुसऱ्यात ते उघडेल.

फाइल त्याच दिवशी उतरवून घेतो. सोयी कायम राहत नाहीत. किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून मग वायरने यंत्रात घालण्याची जुनी सोय अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकली. एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातली पुस्तकं झटकतो, तेव्हा याही फाइली उघडून पाहतो.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट तपासावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफ डोळ्यांना नीट दिसतात. पण शब्द शोधायला किंवा मजकूर दुसरीकडे न्यायला गेलं, की नुसती अगम्य चिन्हं येतात. युनिकोडमधला मजकूर पुढच्या यंत्रांवरही मराठीच राहतो.

प्रवासात, अपरात्री, बारीक टाइपाचा त्रास होणाऱ्या डोळ्यांसाठी ई-पुस्तक फार सोयीचं आहे. मी ते घेतच राहणार. मात्र जे पुस्तक पुढच्या पिढीच्या हातात जावं असं वाटतं, त्याची बिनकुलपाची प्रत मिळत नसेल, तर ते कागदावरच घ्यावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)