डिझेल मोटारीचा टर्बो : दोष ओळखावा कसा?

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुन्या वस्तीची पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा आणि कसबा गणपतीच्या परिसरातील अरुंद बोळांतून आज डिझेल मोटारीही वाट काढतात. अशा मोटारीचा दिवस बहुधा दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होतो व दुसऱ्याच गिअरमध्ये संपतो. पेठेत तिच्याविषयी तक्रार नसते. रविवारी जेजुरीसाठी ती दिवे घाटाला लागली, की मात्र तिची ओढ संपते आणि मागे काळा धूर सुटतो. ‘टर्बो गेला’ असे निदान झटपट केले जाते. नव्या टर्बोसाठी हजारो रुपये मोजावे लागतात आणि कित्येकदा तो बसवूनही दोष कायम राहतो. कारण तो टर्बोत नसतोच.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते; त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. दाबलेली हवा रबरी होजमधून इंटरकूलरमध्ये व तेथून इंजिनात जाते. या वाटेवर कोठेही गळती झाली, तरी लक्षणे टर्बो बिघडल्याचीच दिसतात. होजची चीर बहुधा खालच्या बाजूस असते आणि दाब आल्यावरच उघडते. त्यामुळे उभ्या गाडीत ती दिसत नाही. चढावर ऐकू येणारा ‘फुस्स’ असा आवाज आणि सांध्यापाशी जमलेला तेलकट मळ या तिच्या खुणा होत. संशयित जागी साबणाचे पाणी लावून बेताच्या दाबाची हवा सोडल्यास बुडबुडे येतात. एअर फिल्टर व सैल क्लिपा त्याआधीच पाहाव्यात.

यानंतर स्कॅनर लावावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता, दाबाच्या सेन्सरचे वाचन सुमारे ९५ किलोपास्कल यावयास हवे. मुंबईतील १०१ हा आकडा येथे दिसला, तर सेन्सरच संशयास्पद ठरतो. मग गाडी चढावर चालवून मागितलेला दाब व प्रत्यक्ष दाब यांची तुलना करावी. प्रत्यक्ष दाब कमी असेल, तर गळती किंवा हवेचा अडथळा संभवतो. तो मागणीपेक्षा वर जात असेल, तर बहुधा टर्बोतील हलती पाती अडकलेली असतात. सावकाश, तुटक प्रवासात काजळी जळून जात नाही व या पात्यांवर साठते. बोळातील गाडीला हा विकार जडतो तो यामुळेच. पाती हलविणारी दांडी अनेक गाड्यांत निर्वाताच्या जोरावर चालते. तिची बारीक नळी तडकली, तरी टर्बो निकामी वाटतो. ती नळी अत्यल्प खर्चात बदलता येते. हातपंपाने निर्वात दिल्यास दांडी न अडखळता सरकली पाहिजे.

टर्बो खोलण्याची पाळी यांनंतरच येते. इंजिन थंड असताना आस बोटांनी हलवून पाहावा. किंचित हालचाल स्वाभाविक आहे; चक्र कडेला घासत असेल, तर मात्र तो झिजला असे समजावे. हा आस तेलाच्या पातळ थरावर मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो. तेल वेळेवर न बदलल्याने त्याची नळी चोंदली असेल, तर नवा टर्बोही तीच गत भोगतो. नळी साफ करूनच किंवा नवी बसवूनच नवा टर्बो जोडावा.

निळा धूर हे तेल जळत असल्याचे लक्षण आहे. तो दाट असेल व पाय काढूनही इंजिनाचा वेग वाढू लागला, तर प्रवास तेथेच थांबवावा. अशा वेळी इंजिन स्वतःच्याच तेलावर धावत असते व चावी बंद करूनही थांबेलच असे नाही. हातगिअरच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा व इंजिन बंद पाडावे.