फॅरडे बोलायला कसा शिकला?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी नक्कीच असेल, की ज्याला उत्तर येत असते, पण शिक्षकांनी उभे केले की तोंडातून शब्द फुटत नाही. कदाचित तो विद्यार्थी तुम्हीच असाल! विज्ञान प्रदर्शनातही हेच दिसते. उपकरण मोठ्या मेहनतीने तयार केलेले असते. परीक्षक येतात, पाठ केलेली माहिती धडाधड म्हणून दाखवली जाते, आणि मग ते सहज विचारतात, "पण हे असे का होते?" तिथे गाडी अडते. अशा वेळी आपण दोन गोष्टींनी मनाचे समाधान करून घेतो. एक म्हणजे, "मला समजले आहे, फक्त सांगता येत नाही." आणि दुसरी, "बोलणे ही उपजत देणगी आहे, ती आपल्याला नाही."

या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, हे आज आपण एका मुलाच्या उदाहरणावरून तपासून पाहू. या मुलाचे नाव तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात येते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे त्याने १८३१ साली दाखवून दिले. तो म्हणजे मायकेल फॅरडे. त्याचे शोध तुम्हाला ठाऊक आहेत. पण हा शास्त्रज्ञ लिहायला आणि बोलायला कसा शिकला, ही हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

दुकान हीच शाळा

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. वडिलांची प्रकृती बरी नसे, घरात चार मुले आणि मिळकत बेताची. वाचन, लेखन आणि थोडे अंकगणित एवढेच त्याचे शालेय शिक्षण. तेराव्या वर्षी तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी त्याने पत्करली.

बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचूनही काढी. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती आले. त्यातले प्रयोग जमतील तसे तो स्वतः करून बघे. आयझॅक वॉट्स या लेखकाच्या एका पुस्तकातला उपदेश तर त्याने अक्षरशः अमलात आणला. तो उपदेश साधा होता: टिपणवही ठेवावी, जाणकारांची व्याख्याने ऐकावीत, मित्रांशी पत्रव्यवहार करावा आणि चार समविचारी माणसे जमवून चर्चा करावी.

एक व्याख्यान, तीन वेळा लिहिलेले

१८१० साली टॅटम नावाच्या गृहस्थांकडे विज्ञानावर व्याख्याने होत असत. फी दर व्याख्यानाला एक शिलिंग. ती फॅरडेचा थोरला भाऊ भरी. तोही लोहारकाम करी. पुढे दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने फॅरडेला १८१२ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली.

फॅरडे टिपणे कशी घेई, हे पाहण्याजोगे आहे. व्याख्यान चालू असताना तो फक्त महत्त्वाचे शब्द, प्रयोगांची नावे आणि पदार्थांची नावे टिपून घेई. घरी आल्यावर त्यावरून अधिक सविस्तर आणि सुसंगत टिपण तयार करी. शेवटी या दोन्हींच्या आधारे संपूर्ण व्याख्यान आपल्या शब्दांत लिहून काढी, उपकरणांच्या आकृत्या काढी आणि सगळे नीट बांधून ठेवी.

म्हणजे एकच विषय तीन वेळा लिहिला जाई. पण ही तीन वेळची नक्कल नव्हती. दुसऱ्या वेळी दोन मुद्द्यांमधला दुवा शोधावा लागे आणि तो सापडला नाही, तर आपल्याला नेमके काय समजलेले नाही हे लक्षात येई. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, कारण सांधे जुळवण्याचे काम वक्ता करत असतो. लिहिताना ते काम आपल्यावर येते. "समजले आहे, पण सांगता येत नाही" या वाक्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की मधला एखादा सांधा अजून जुळलेला नाही.

डेव्हीच्या व्याख्यानांची अशी तयार झालेली तीनशेहून अधिक पानांची वही फॅरडेने डिसेंबर १८१२ मध्ये खुद्द डेव्हीकडे पाठवली आणि विज्ञानाचे काही काम मिळावे अशी विनंती केली. पुढे प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली, तेव्हा डेव्हीला या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, वर राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या. ना पदवी, ना ओळखीपाळखी! त्याच्याजवळ दाखवण्यासारखे जे होते, ते त्या वहीत होते.

ऐकणारा कोणीतरी हवा

ही वही डेव्हीकडे जाण्यापूर्वीच, जुलै १८१२ मध्ये, फॅरडेने बेंजामिन ॲबट या मित्राला नियमाने पत्रे लिहायला सुरुवात केली होती. ॲबटचे शिक्षण त्याच्यापेक्षा चांगले झालेले होते. आपले विचार नीट मांडण्याची सवय लागावी, हा फॅरडेचा उघड हेतू. पहिल्याच पत्रात त्याने घरी तयार केलेल्या विद्युतघटमालेचे वर्णन केले आहे. जस्ताच्या सात चकत्या, त्यांवर तांब्याची अर्ध्या पेनीची सात नाणी आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे. एवढ्या सामानावर त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे विघटन करून पाहिले होते. काय वापरले, कसे रचले आणि काय दिसले, हे सारे तो अशा रीतीने सांगतो की ॲबटला ते आपल्या घरी करून पाहता यावे. प्रयोगाचे वर्णन कसे असावे याची हीच कसोटी आहे.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाल्यावर त्याने काही मित्र जमवले. आठवड्यातून एका संध्याकाळी ही मंडळी एकत्र बसत, वाचत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना सुधारत. चुका दाखवताना कोणी कोणाची भीड ठेवत नसे.

व्याख्यानाचेही निरीक्षण

व्याख्यानाच्या वेळी प्रयोगांची मांडामांड करणे हे फॅरडेचे काम होते. त्यामुळे अनेक वक्ते त्याला जवळून पाहायला मिळाले. जून १८१३ मध्ये त्याने ॲबटला लागोपाठ काही पत्रे लिहिली आणि त्यांत व्याख्यान कसे असावे याचा कसून विचार केला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याने स्वतः अजून एकही व्याख्यान दिलेले नव्हते!

सभागृहात हवा खेळती आहे का, उपकरणे मागच्या रांगेतून दिसतात का, वक्ता श्रोत्यांकडे पाहतो की त्यांच्याकडे पाठ फिरवतो, अशा बारीकसारीक गोष्टींची त्याने नोंद केली आहे. एका तासाहून अधिक वेळ बोलू नये, असे त्याने तेव्हाच ठरवून टाकले. एखाद्या रासायनिक क्रियेचे निरीक्षण करावे, त्याच चिकित्सेने त्याने बोलण्याचे निरीक्षण केले.

जानेवारी १८१६ मध्ये, ज्या मंडळात तो टिपणे घेत बसे, त्याच सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने पहिले व्याख्यान दिले. त्याच वर्षी त्याचा पहिला छोटा शोधनिबंधही छापून आला. एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. १८१८ साली त्याने स्मार्ट नावाच्या शिक्षकाकडे पैसे मोजून वक्तृत्वाचे धडे घेतले. व्याख्यान देताना आपण भराभर बोलतो हे जाणून 'सावकाश' असे लिहिलेले कार्ड तो समोर ठेवायला सांगे. तास संपत आला की 'वेळ' असे लिहिलेले दुसरे कार्ड पुढे येई. जो पुढे त्या काळातला उत्तम विज्ञानवक्ता म्हणून ओळखला गेला, त्यालाही कार्डाची गरज लागत होती. मग देणगीचे काय राहिले?

मेणबत्तीसमोर बसून

१८६०-६१ च्या नाताळात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, फॅरडेने मुलांसमोर साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यातला एक प्रयोग घरातील मोठ्या माणसांच्या देखत करून पाहा. मेणबत्ती काही मिनिटे जळू द्या. मग हलकेच फुंकर मारा. वातीतून पांढऱ्या धुराचा धागा वर जाईल. पेटलेली काडी वातीला न लावता, वातीच्या दोनतीन सेंटिमीटर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून उडी घेऊन वातीवर येईल.

आता हे आपल्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला समजावून सांगा. "मेणाच्या बाष्पाचा ऑक्सिजनशी संयोग होतो" हे वाक्य बरोबर आहे, पण ते ऐकून समोरचा नुसता तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. त्याऐवजी विचारा, "काय जळते? वात की मेण?" तो म्हणेल, वात. मग दाखवा, की तासाभरात मेण बरेच आटते, वात मात्र मेणाच्या आधाराने हळूहळूच जळते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर चढते आणि तिथे त्याची वाफ होते. जळते ती ही वाफ. फुंकर मारल्यावर दिसणारा पांढरा धागा म्हणजे तीच न जळलेली वाफ, थंड होऊन सूक्ष्म कणांच्या रूपात दिसू लागलेली. म्हणूनच ती पेट घेते. तेवढ्यात धाकटा विचारील, "मग मेणाचा गोळा नुसता काडीने का पेटत नाही?" याचे उत्तर शोधताना, वातीचे काम तुम्हाला स्वतःलाच पहिल्यांदा नीट समजेल.

शब्द चुकला तर विचार चुकतो

बोलण्या-लिहिण्याची ही सवय फॅरडेला संशोधनातही उपयोगी पडली. विजेने द्रावणाचे विघटन होते, तेव्हा द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांना त्या काळी 'ध्रुव' म्हणत. फॅरडेला तो शब्द खटकला. ध्रुव म्हटले की तो कणांना स्वतःकडे ओढतो असे गृहीत धरले जाते. आणि हे तर सिद्ध झालेले नव्हते. म्हणून विल्यम ह्यूएल या विद्वानाचा सल्ला घेऊन त्याने १८३४ साली नवे शब्द रूढ केले. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे तुमच्या पुस्तकातले शब्द तेव्हाचे आहेत.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेषांत मांडला जातो, त्यावरून त्याने 'बलरेषां'ची कल्पना मांडली आणि ती शब्दांनी व आकृत्यांनी इतकी स्पष्ट केली, की जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण शास्त्रज्ञाने १८५५-५६ मध्ये तिला गणिताचे रूप द्यायला सुरुवात केली. पुढे १८५७ मध्ये फॅरडेने मॅक्सवेलला पत्रातून विचारले, की गणितज्ञांना मिळालेले निष्कर्ष गणिताइतक्याच पूर्णपणे साध्या भाषेत सांगता येणार नाहीत का? तसे झाले, तर आमच्यासारख्यांना ते प्रयोगाने तपासता येतील, असे त्याचे म्हणणे. साठी ओलांडलेला, जगन्मान्य शास्त्रज्ञ "मला समजेल असे सांगा" म्हणायला लाजला नाही.

आता तुमची पाळी

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. चटकदार बोलणारा माणूस खरेच बोलत असतो असे नाही. भोंदूबाबांचीही जीभ गोड असते. म्हणून विज्ञानाबद्दल लिहिता-बोलताना, आपण काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान काढले, हे नेहमी वेगवेगळे सांगावे. "हातातला दगड सोडला तर खाली पडेल" असे म्हणायचे असेल, तर खरोखरच हात उघडून दगड पाडून दाखवावा, असा सल्ला फॅरडेने एका तरुण व्याख्यात्याला दिला होता.

शिक्षकांनाही एक विनंती. आठवड्यातून एका तासाची पहिली पाच मिनिटे एका विद्यार्थ्याला द्यावीत. विषय लहान असावा: कुकरची शिट्टी का होते, माठातले पाणी गार का राहते. बोलणे संपल्यावर वर्गाने टाळ्यांबरोबर एक प्रश्नही द्यावा. पहिल्या खेपेला आवाज कापेल, शब्द अडतील. म्हणून त्याला लगेच खाली बसवू नये. नेहमी तेच ते हुशार वक्ते पुढे आले, तर मागच्या बाकावरचा फॅरडे मागेच राहील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही या रविवारी एक काम करा. माठातले पाणी गार का राहते, हे आपल्या घरच्या भाषेत, वहीच्या एका पानावर लिहा. ते पान अशा माणसाला वाचून दाखवा, जो विज्ञान शिकलेला नाही. तो जिथे थांबवील, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढाच भाग सोमवारी पुन्हा लिहा.