शून्य जखमांचे रुग्णालय

सलाईन लावताना रुग्ण अचानक हात ओढतो आणि सुई सिस्टरच्या बोटात जाते. वापरलेल्या सुईवर घाईघाईने टोपण बसवताना ती शिकाऊ डॉक्टरला टोचते. पण सगळ्यात अन्यायाची जखम होते ती सफाईच्या मावशींना. त्यांनी कुणाला इंजेक्शन दिलेले नसते. दुसऱ्या कुणीतरी भलत्याच पिशवीत टाकलेली सुई पिशवी उचलताना त्यांच्या हातात घुसते, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हे सांगायलाही तिथे कुणी नसते.

अशा वेळी पहिली धास्ती वाटते ती एचआयव्हीची. प्रत्यक्षात बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला मात्र त्या आजाराचा धोका सहापासून तीस टक्क्यांपर्यंत असतो. आणि या आजारावर लस आहे! पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. ती पुरेशी लागू पडली की नाही, हे नंतर रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. हिपॅटायटिस सीवर लस नाही, त्यामुळे तिथे सुई न टोचू देणे हाच बचाव.

ही लस देणे म्हणजे रुग्णालयाची मेहेरबानी नव्हे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी हे कर्तव्य रुग्णालयाचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर टाकले आहे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस, रुजू होताना व नंतर दरवर्षी प्रशिक्षण, तसेच दरवर्षी आरोग्य तपासणी, शिवाय हातमोजे आणि इतर संरक्षक साधने. हे सारे डॉक्टर-परिचारिकांपुरते नाही; हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. म्हणजे ठेकेदाराकडून आलेल्या मावशी आणि वॉर्डबॉयसुद्धा त्यात आले. ‘ती माणसं ठेकेदाराची, त्यांचं तो बघेल’ हे उत्तर या नियमांत बसत नाही. छोटा दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, रक्तदान शिबिर यांनाही हेच नियम लागू आहेत.

एचआयव्हीपुरते २०१७च्या कायद्याने आणखी स्पष्ट केले. जिथे कामामुळे संसर्गाचा धोका आहे, तिथल्या संस्थेने सुरक्षेची साधने, ती वापरण्याचे शिक्षण आणि सुई टोचल्यानंतरची प्रतिबंधक औषधे कर्मचाऱ्यांना द्यायचीच आहेत. वीस किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात अशा आरोग्य संस्थेत या कायद्याखालची तक्रार ऐकणारा अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे. तो अधिकारी कोण, हे आपल्या वॉर्डातल्या किती जणांना सांगता येईल?

आता नोंदीकडे येऊ. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांमध्ये ‘मोठा अपघात’ म्हणजे कचऱ्याचा ट्रक उलटणे, कचरा पाण्यात मिसळणे. सुई टोचणे त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. त्याची माहिती जाते वार्षिक अहवालात, जो प्रत्येक रुग्णालयाने ३० जूनपर्यंत आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असतो. किती अपघात झाले, किती जणांना इजा झाली, उपाय काय केले, असे रकाने त्यात असतात. मोठ्या रुग्णालयाने तिथे शून्य लिहिले असेल, तर मला त्या शून्याची भीती वाटते. शेकडो सुया रोज वापरल्या जातात तिथे वर्षभरात एकही टोचत नाही, हे पटत नाही. टोचते, पण सांगितले जात नाही. सिस्टरला ‘नीट काम करता येत नाही का’ हे ऐकून घ्यायचे नसते. कंत्राटी मावशींना वाटते, सांगितले तर उद्यापासून कामावर बोलावणार नाहीत. नोंद करणाऱ्याला बोलणी बसली, की पुढची जखम लपणार हे नक्की. म्हणून माझ्या मते ज्या रुग्णालयात नोंदी जास्त, ते अधिक विश्वासाचे.

कर्मचाऱ्यांचीही जबाबदारी आहे, आणि ती टाळता येणारी नाही. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचे नाही. सुई ज्याने वापरली त्यानेच ती लगेच, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकायची. सुई काढलेली सिरिंज आणि सलाईनची नळी लाल पिशवीत. डबा काठोकाठ भरू द्यायचा नाही. हे काम ‘मावशी बघतील’ म्हणून सोडणारा डॉक्टर कितीही निष्णात असो, तो मावशींचा जीव धोक्यात घालतो.

आणि सुई टोचलीच तर? जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, त्यावर ब्लीच वा जळजळीत द्रव ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे सुरू करायची ठरली तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. औषधे पूर्ण २८ दिवस घ्यायची. रात्रपाळीला ही औषधे कुलपात आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात, असे असेल तर कायदा फक्त कागदावर उरतो. ती किल्ली कुणाकडे असते, हे तुमच्या वॉर्डात आजच विचारून ठेवा. एचआयव्हीविषयी माहिती हवी असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक निःशुल्क आहे. तो मावशींनाही लिहून द्या.