कुलूप फुकट, राखण विकतची

नारायण पेठेतला एखादा पुस्तकविक्रेता इंटरनेटवर दुकान थाटायला निघाला, की पहिला प्रश्न येतो सुरक्षा प्रमाणपत्राचा. महागडे घ्यावे का? गरज नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून ते विनामूल्य देते. गिऱ्हाइकाने भरलेला मजकूर वाटेत कुणी वाचू नये, एवढेच त्याचे काम. दुकानदाराच्या सचोटीची हमी ते देत नाही.

पैसा खर्चावा तो होस्टिंगवर, म्हणजे दुकानाच्या जागेवर. रोज राखीव प्रत ठेवणारा, प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी ते आपोआप बदलणारा, अडचणीला फोन उचलणारा जागामालक शोधावा. आणि डोमेन, म्हणजे दुकानाचे नाव, स्वतःच्याच नावावर नोंदवावे. पागडीच्या जागांचे कज्जे पाहिलेल्या पेठकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको!